ठासणीचं पिस्तूल: नेम पाच मिनिटं, धुणं एक तास

बारभाई
बुधवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. शीर्षक वाचून हा कुणी गावठी कट्टेवाला दिसतोय असं वाटलं असेल तर थांबा. सगळं परवान्यावर आहे आणि प्रश्न धुण्याचा आहे. धुणं म्हणजे अगदी पाणी, साबण आणि ब्रश.

मी इंग्लंडात सरे परगण्यात राहतो. बिस्लीची नेमबाजीची रेंज घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाने तिथे ओढून नेलं. एक पंच्याहत्तरीचे आजोबा एका हातात भलंमोठं पिस्तूल धरून उभे होते. धप्प! गादीवर काठी हाणल्यासारखा जड आवाज, आणि पाठोपाठ पांढऱ्या धुराचा ढग. आजोबा दिसेनासे झाले. धूर निवळत आमच्याकडे आला आणि मी थेट नरक चतुर्दशीच्या पहाटे, सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या अंगणात. त्या वासाने घात केला.

इथे १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेची हत्या झाली. त्यानंतर १९९७ मध्ये दोन कायदे होऊन ग्रेट ब्रिटनमधल्या सामान्य माणसाकडची काडतुसांची पिस्तुलं जवळजवळ सगळी गेली. ठासणीची तेवढी राहिली. सुटी दारू आणि सुटी गोळी नळीच्या किंवा चेंबरच्या तोंडाकडून भरायची असेल तर रीतसर परवान्यावर मिळतं. तेही सुखासुखी नाही. क्लबात तीन महिने उमेदवारी, ओळख देणारे दोघे, डॉक्टरचं पत्र, आणि पोलिसांचा माणूस घरी येऊन भिंतीला ठोकलेलं पोलादी कपाट हलवून बघून गेला. दारूचा परवाना निराळा. तो आला त्या दिवशी हौसेने आईला फोन केला, "अगं, दारूचा परवाना मिळाला!" पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच, "बाबांना इतक्यात सांगू नकोस."

पिस्तूल म्हणजे रेमिंग्टनच्या १८५८ च्या नमुन्यावर बेतलेलं इटालियन बनावटीचं सहाबारी रिव्हॉल्व्हर, पॉइंट ४४. नेमबाजीसाठी माशी आणि खाच हलवता येणारं. सिलिंडर (गॅसचा नव्हे, सहा चेंबरांचा म्हणजे बार भरायच्या सहा भोकांचा) आख्खा बाहेर निघतो. प्रत्येक चेंबरच्या मागे एक निपल (आट्यांनी बसणारी, भोक असलेली बारीक नळी), त्यावर तांब्याची इवलीशी कॅप. घोडा कॅपवर आपटतो, ठिणगी निपलच्या भोकातून आत जाते आणि बार उडतो.

भरणं हा एक सोहळाच. वीस ग्रेन (साधारण १.३ ग्रॅम) दारू घरीच तोलून प्लॅस्टिकच्या नळकांड्यांत भरून नेतो. एक नळकांडं एका चेंबरमध्ये रिकामं करायचं. त्यावर बारीक रवा. होय, उपम्याचा. वीस ग्रेनने चेंबर अर्धंमुर्धंच भरतं, आणि गोळी खोल बसली तर नळीत शिरण्याआधी तिला मोकळी धाव मिळते, नेम फाकतो. उरलेली जागा रवा भरून काढतो. मग शुद्ध शिशाची गोळी, ०.४५४ इंच, चेंबरच्या तोंडापेक्षा कणभर मोठी. दट्ट्याचा दांडा खाली ओढला की गोळी आत जाताना शिशाची केसाएवढी कडी सोलून बाहेर पडते. कडी अखंड निघाली म्हणजे गोळी सगळीकडून घट्ट बसली. ती नखाने उचलून फेकताना जे समाधान मिळतं ते मला आजवर कुठल्या कोड रिव्ह्यूमध्ये मिळालेलं नाही. वरून ग्रीस. कॅप सगळ्यात शेवटी, तीही फायरिंग पॉइंटवर उभं राहिल्यावरच.

आता माझं पाप. मागच्या शनिवारी रेंजवर पस्तीसेक बार काढले. संध्याकाळी मंडळाची आरती, मग जेवण, मग आवराआवर. घरी यायला बारा वाजले. रोज लगेच धुतो. त्या रात्री नळीत आणि चेंबरमध्ये नेहमीचं गन ऑइल फवारलं, "उद्या बघू" म्हटलं आणि कपाटात ठेवून दिलं. रविवारी पाहुणे. सोमवारी रात्री कपाट उघडलं तर सिलिंडरच्या तोंडाशी नारिंगी पूड. तीन चेंबरांत गंज, आणि चार नंबरचं निपल जागचं हलत नाही. किल्लीवर जोर दिला तर किल्लीच घसरायला लागली, म्हणून थांबलो.

प्रश्न दोन. तेल मारूनही गंज कसा? आणि हे निपल काढू कसं? क्लबात विचारायची लाज वाटतेय.

---

अनघा_का
गुरुवार, सकाळी ७:१५

उपम्याचा रवा?? हे वाचून मी चहा सांडला.

---

निवृत्त_रसायन
गुरुवार, सकाळी ८:४०

गंजाचं कोडं सोपं आहे. बंदूक कधी हातात धरलेली नाही, पण कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं.

काळी दारू म्हणजे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. जळाली की सगळी धूर होऊन जाते असं लोकांना वाटतं. नाही. नोबल आणि एबल या जोडीने १८७० च्या दशकात बंद भांड्यात दारू जाळून मोजलं होतं: वजनाने साधारण ४३ टक्के वायू, उरलेलं सगळं घन. म्हणजे तुम्ही वीस ग्रेन टाकलीत तर अकराएक ग्रेन राखच. तिचा बराच भाग धुरातून उडून जातो, बाकीची नळीत चिकटते.

त्या राखेत पोटॅशियमचं कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड असतं. कार्बोनेट हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते आठवा, हे तिच्याहून हावरट. आणि हे क्षार पाण्यात विरघळतात, खनिज तेलात नाही. तुम्ही तेल फवारलंत म्हणजे ओल्या मिठाला पांघरूण घातलंत. खाली गंज निवांत चालू राहिला.

धुताना सडक्या अंड्याचा वास येतो ना? तो सल्फाइडचा. वास येईनासा होईपर्यंत पाणी बदलत राहा, एवढी साधी चाचणी पुरे.

अवांतर: वीस ग्रेन म्हणजे आपल्या मापात किती? तोळा १८० ग्रेनचा, तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे जेमतेम पावणेअकरा गुंजा. सोनाराच्या काट्यावर तोलण्याइतका ऐवज आहे हा!

---

बारभाई
गुरुवार, दुपारी १:०५

सर, "ओल्या मिठाला पांघरूण" हे कपाटाच्या दारावर लिहून चिकटवणार आहे. वास येतो, भरपूर येतो. बायको त्याला "तुमचं अंडं" म्हणते.

---

नेकारकाठ
गुरुवार, दुपारी २:३०

श्टुटगार्टहून हात वर करतो. माझ्याकडे एकबारी ठासणीचं पिस्तूल आहे, ले पाज या जुन्या फ्रेंच कारागिराच्या नमुन्याचं, सेट ट्रिगरवालं. चाप आधी पुढे ढकलून "चढवून" ठेवायचा, मग नुसता श्वास लागला तरी सुटतो. जर्मनीत एकबारी कॅपवालं ठासणीचं पिस्तूल अठरा वर्षांवरच्या कुणालाही परवान्याशिवाय विकत मिळतं, पण त्यात घालायची दारू घ्यायला कोर्स, परीक्षा आणि स्फोटकांचा परवाना लागतो. तव्याला परवानगी नको, गॅसला हवी. तुमच्यासारखं सहाबारी असेल तर त्याला मात्र शस्त्रपरवाना लागतोच.

आता निपल. घाई करू नका. एक: किल्ली बदला. स्वस्त किल्ल्यांचं तोंड सैल असतं, कडा गोल करून टाकतात, मग सोनार आणला तरी उपयोग नाही. तुमच्याच निपलच्या मापाची कडक पोलादाची घ्या. दोन: सिलिंडर आधी साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर. क्षार आधी जाऊ द्या, तेल नंतर. मग पेनिट्रेटिंग ऑइलचे थेंब निपलच्या मुळाशी, दोन-तीन दिवस, रोज थोडे. तीन: आख्खा सिलिंडर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, बाहेर काढून जाड फडक्यात धरा आणि आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला रेटा, मग सैल. ते "टिक्" झालं की कळेल. हे सगळं चेंबर रिकामं आहे याची खात्री करून, हे सांगायला नकोच.

आणि पुढच्या वेळी बसवताना आट्यांना अँटी-सीझ ग्रीसचं बोट लावा. मी प्रत्येक वेळी धुताना निपल काढतो. कंटाळा येतो, पण चौदा वर्षांत एकही अडकलं नाही.

क्लबात विचारायची लाज कसली? प्रत्येकाच्या कपाटात एक नारिंगी इतिहास असतो.

---

शंकेखोर
गुरुवार, संध्याकाळी ६:१०

धाग्याची गंमत घालवायची नाही, पण विचारतोच. बारभाई, तुम्हीच डनब्लेन लिहिलंत. सोळा मुलं गेल्यावर एका देशाने ठरवलं की पिस्तुलं नकोत. आणि तुम्ही कायद्याच्या फटीतून तेच घरात आणता. तुमच्याही घरात मूल असेल. हौस म्हणून एवढं?

---

बारभाई
गुरुवार, रात्री १०:४५

प्रश्न रास्त आहे, चिडत नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे.

फट आहे का? थोडीशी आहे. कायदा करणाऱ्यांनी मात्र ती डोळे उघडे ठेवून ठेवली: पाच बार भरायला मला सात-आठ मिनिटं लागतात, आणि हे हत्यार कोटाच्या खिशात मावत नाही. दारू कपाटात नाही, वेगळ्या लाकडी पेटीत, आत लाकडी कप्पे, एका कप्प्यात अर्ध्या किलोचा एकच डबा. लाकडी का? काळी दारू कोंडली की स्फोट होतो, मोकळी असली की भसकन जळून जाते. लोखंडी तिजोरीत ठेवली तर आपणच बॉम्ब बनवल्यासारखं.

पण तुमचा खरा प्रश्न त्याच्या आतला आहे, आणि त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. दर वर्षी १३ मार्चला इथे बातम्यांत ती शाळा दाखवतात. त्या आठवड्यात मी रेंजवर जात नाही. कुणी सांगितलेलं नाही, जाववत नाही एवढंच.

---

शंकेखोर
शुक्रवार, सकाळी ९:२०

प्रामाणिक उत्तर. माझं मत बदललं नाही, पण धागा वाचत राहीन.

---

तळकोकणी
शुक्रवार, सकाळी ११:००

लंडनवाले आणि जर्मनवाले ठासणीवर बोलतायत आणि कुडाळ-सावंतवाडीकडचं कुणी नाही, हे बरं दिसत नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. आज्यापासून. डुक्कर आणि माकडं. लांब नळीची, लाकडी दस्त्याची, तिचीच कॅप, तिला आम्ही केप म्हणतो. केपांची डबी आजीच्या पानाच्या पेटीत असायची, दमट होऊ नये म्हणून. तिच्या चुन्याशेजारी.

धुण्याचं आमच्याकडे असं: बार काढला की त्याच रात्री, जेवणाआधी. आजी चुलीवर पाणी ठेवायची. निपल काढून नळीचं मागचं तोंड बादलीत, गजाला फडकं गुंडाळून वर-खाली, पिचकारीसारखं. पहिलं पाणी शाईसारखं काळं, दुसरं राखाडी, तिसरं स्वच्छ. मग बंदूक चुलीच्या वरच्या बाजूला टांगून ठेवायची. पावसाळ्यात कोकणात दुसरी कोरडी जागाच नसते. सुकली की खोबरेल.

आता मुख्य गोष्ट, जी वर कुणीच लिहिली नाही. ठासणीचं हत्यार भरलेलं आहे की रिकामं, हे बघून कळत नाही. काडतूस नाही, उघडून बघायची सोय नाही. आज्याने गजावर चाकूने दोन खाचा केल्या होत्या. रिकाम्या नळीत गज सोडला की पहिली खाच तोंडाशी येते. आत बार असेल तर गज वर राहतो, दुसरी खाच दिसते. बंदूक कुणाच्याही हातून घेतली, अगदी स्वतः खुंटीवरून काढली, तरी आधी गज. मी बारा वर्षांचा असताना नुसतीच उचलून खांद्याला लावली होती. कानाखाली जाळ काढला त्याने. "मेल्या, पयलो गज घाल, नि मगे काय ता नेम धर."

आता बंदूक चुलत्याकडे आहे. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत. एकदा पावसाळ्याच्या तोंडाला जमा झाली ती चिखलात पुरल्यासारखी परत आली. कोणाला बोलणार?

---

नेकारकाठ
शुक्रवार, दुपारी १२:१५

तळकोकणी, गजावरच्या खाचांना दंडवत. माझ्या गजावर मी चिकटपट्टीने तेच केलंय, आणि तो युरोपीय शहाणपणा आहे असं समजत होतो.

माझीही फजिती सांगून टाकतो. आमच्या स्पर्धेत पर्कशन (म्हणजे कॅपवाल्या) पिस्तुलाला तीस मिनिटांत तेरा बार, पंचवीस मीटरवर, एका हाताने. त्यातले उत्तम दहा धरतात. ठासणीच्या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघात या प्रकारांना जुन्या कारागिरांची नावं आहेत, मूळ जुन्या पर्कशन पिस्तुलाचा प्रकार रेगेन्सबुर्गच्या कुखेनरॉयटर घराण्याच्या नावाने ओळखला जातो. तर आठवा बार. शेजारचा काहीतरी विचारतो, मी उत्तर देतो, गोळी ठासतो, कॅप लावतो, चाप. फट् एवढाच आवाज. उशिरा उडणारा बार असू शकतो म्हणून पूर्ण मिनिटभर नळी लक्ष्याकडे धरून उभा राहिलो. दुसरी कॅप. फट्. तेव्हा उजेड पडला: दारू घातलीच नव्हती. नळीच्या तळाशी नुसती गोळी.

निपल काढून, त्या भोकातून चिमटीएवढी दारू खिळ्याने सारून, निपल बसवून, रेंज ऑफिसरच्या देखत लक्ष्याकडे उडवली. गोळी कशीबशी बाहेर पडली. शेजारी कुणी हसलं नाही, उलट "मागच्या रविवारी माझं झालं" म्हणाले. तेव्हापासून रिकामं नळकांडं लगेच उलटं ठेवतो. आणि भरणाऱ्या माणसाशी कुणी बोलायचं नाही. बायको आली तरी नाही.

---

अनघा_का
शुक्रवार, दुपारी १२:४०

"बायको आली तरी नाही" हे वाक्य ती वाचतेय का? :)

एक शंका. गंजाचं पाणी, शिशाची राख, हे सगळं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये?

---

बारभाई
शुक्रवार, संध्याकाळी ७:३०

पकडलंत. आत्तापर्यंत हो, सिंकमध्येच, वेगळ्या टबात. बायकोने हा धागा वाचला (रव्यामुळे वाचला) आणि आज गॅरेजमध्ये एक जुनी बादली, जुना टूथब्रश आणि "शिसं" असं मार्करने लिहिलेला डबा मांडून ठेवलाय. रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय मुलीला जवळ घ्यायचं नाही, हा नियम आधीपासून आहे. कपडे वेगळे धुवायचे हे आता ठरलं.

रव्याचीही वाटणी झाली. लहान बरणी माझी. तिच्यावरही लेबल.

---

मोडीवाचक
शुक्रवार, रात्री ९:५५

मी इतिहासवाला, धुण्याचं मला काही कळत नाही. पण भाषेत ही ठासणी किती मुरली आहे बघा. "ठासून भरलेला", "फुसका बार", "बार उडवून देणे". शिवाय तोफेच्या वातीच्या भोकाला आपल्याकडे कान म्हणत. शत्रूची तोफ निकामी करायची तर कानात खिळा ठोकायचा. बारभाई, तुमचं चार नंबरचं निपल म्हणजे त्याच कानाचा खापरपणतू, आणि त्यात खिळा ठोकला तुमच्याच आळसाने. (हलके घ्या.)

मधली पिढी चकमकीची. गारगोटीची ठिणगी बाहेरच्या रंजकीवर (पेटवणीच्या चिमूटभर दारूवर) पडायची, ती भसकन पेटायची आणि मग आतला बार. स्कॉटलंडमधले एक पाद्री, अलेक्झांडर फोर्सिथ, बदकांच्या शिकारीचे शौकीन. रंजकीचा झोत दिसला की बदकं गोळी पोचायच्या आत पसार. वैतागून त्यांनी आघाताने पेटणाऱ्या क्षारांवर प्रयोग केले आणि १८०७ साली पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची कॅप आली. १८५७ चं निमित्त झालेली ती एनफील्ड रायफल, १८५३ चा नमुना, ती याच कॅपवर चालायची. चरबी लावलेलं कागदी काडतूस दाताने तोडायचं आणि आतली दारू नळीत ओतायची, म्हणजे तीही ठासणीचीच. आपण त्या कागदावर इतकं बोललो की निपलकडे लक्षच गेलं नाही.

---

कोल्हापुरी_आई
शनिवार, सकाळी १०:१०

मुलगी दहा मीटर एअर पिस्तूल शिकते. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेला कांस्य मिळालं तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक गल्लीत एक नेमबाज आहे. तिने हा धागा वाचून विचारलं, "आई, असलं आपल्याकडे मिळेल?" आणि तिचा मामा म्हणतो येताना बॅगेत घालून आणतो. काय सांगू?

---

बारभाई
शनिवार, सकाळी ११:३०

मामाला आधी थांबवा! विमानतळावरच मुक्काम होईल. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीची बंदूकही शस्त्रच आहे, परवाना लागतोच. तळकोकणींच्या आज्याकडे होता तो तसलाच. सूट आहे ती जुनाट, दुरुस्त करूनही उडणार नाही अशा शोभेच्या वस्तूला. कूर्गमध्ये कोडव लोकांना बंदुकीच्या परवान्यातून माफी आहे, पण आपण कोडव नाही.

मुलीला एअर पिस्तुलच धरू दे. एका हाताने, स्थिर मनगटाने, चाप सरळ मागे. ते जमलं की बाकी धूर आहे.

---

दिवाळीप्रेमी
शनिवार, दुपारी ३:००

एक सुचवतो. दारू महाग असेल तर सोरा, गंधक, कोळसा घरीच...

---

निवृत्त_रसायन
शनिवार, दुपारी ३:०४

नको. आयुष्यात दोन बोटं नसलेले एक प्रयोगशाळा सहायक पाहिलेत. विषय बंद.

---

नेकारकाठ
शनिवार, दुपारी ३:१०

+१. शिवाय गुन्हाही आहे, इकडे आणि तिकडेही.

गरम पाणी की गार, यावर आमच्या क्लबात मारामाऱ्या होतात, तेवढं लिहून ठेवतो. गरमवाले म्हणतात लवकर सुकतं. खरं आहे, पण उकळतं ओतलं की पोलाद इतकं तापतं की पाणी उडताक्षणी वर तांबूस साय धरते, डोळ्यांदेखत. मी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मग गार पाण्याने खळबळून, फडकी कोरडी निघेपर्यंत पुसतो, हेअर ड्रायर, आणि बॅलिस्टॉल. पाण्यात मिसळलं की दुधासारखं पांढरं होतं ते तेल. उरलासुरला ओलावाही सामावून घेतं. घरच्यांना वास आवडत नाही. मला आवडतो.

---

तळकोकणी
शनिवार, रात्री ८:२०

आजी उकळतंच ओतायची. पण लगेच चुलीवर. ती साय धरायला वेळच मिळायचा नाही.

बारभाई, गोळीवर कसलं ग्रीस लावता? खोबरेल चालेल की.

---

बारभाई
शनिवार, रात्री ११:१५

खोबरेलाची गंमत सांगतो. पहिल्या वर्षी देशप्रेमाने मेण आणि खोबरेल वितळवून घरचं ग्रीस केलं. उन्हाळ्यात झकास. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, आणि बिस्लीला जानेवारीत तीन अंश. डबीत बोट जाईना, चमच्याने खरवडून लावत होतो. आता मधमाशीचं मेण आणि ऑलिव्ह तेल. खनिज ग्रीस नको, त्याचं राखेशी मिळून डांबर होतं आणि सिलिंडर फिरायचा थांबतो.

ग्रीस फक्त घाण मऊ ठेवायला नाही. एका बाराची आग शेजारच्या चेंबरमध्ये शिरली तर दोन-तीन बार एकदम उडतात. पुढून ग्रीस आणि घट्ट गोळी, मागून घट्ट बसलेली कॅप. आग पुढून शिरते की मागून, यावर क्लबातल्या दोन म्हाताऱ्यांनी गेली वीस वर्षं एकमेकांना चहा पाजलेला नाही. मी दोन्हीकडून दार लावतो.

---

बारभाई
पुढचा गुरुवार, रात्री १०:३०

निकाल सांगायला आलो.

नेकारकाठ म्हणाले तसंच केलं. साबणपाण्यात एक रात्र, मग तीन दिवस थेंब. नवी किल्ली आली. काल रात्री गॅरेजमध्ये कॅम्पिंगच्या शेगडीवर सिलिंडर उकळला, मुलगी दारात उभी राहून "बाबा सूप करतायत" म्हणून आईला सांगून आली. फडक्यात धरून आधी घट्ट, मग सैल. दोनदा काही नाही. परत उकळला. तिसऱ्यांदा "टिक्". इतका बारीक आवाज की हाताला आधी कळला, कानाला नंतर. आट्यांमधून चॉकलेटी चिखल निघाला, पण आटे शाबूत.

दोन चेंबरांतला गंज वरवरचा होता, पितळी ब्रश आणि तेलाने गेला. चार नंबरमध्ये तळाजवळ टाचणीच्या डोक्याएवढे तीन खड्डे राहिलेत. क्लबात शेवटी विचारलंच. तिथल्या गनस्मिथने भिंग लावून पाहिलं. ताकद गेलेली नाही म्हणाला, पण त्या खड्ड्यांत राख अडकणार, तिथे धुताना ब्रश जास्त फिरव. मग पिस्तूल कुठे ठेवलं होतंस विचारलं. सांगितलं. त्याने स्वतःच्या १८६० च्या मूळ पिस्तुलाचा दस्ता काढून आतला नारिंगी डाग दाखवला. १९८९ चा आहे म्हणे, मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवसाचा.

मी तसेही सहापैकी पाचच भरतो, घोडा रिकाम्या चेंबरवर ठेवतो. आता तो रिकामा नेहमी चार नंबर. बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिलाय निपलच्या शेजारी, अंधारातही चुकू नये म्हणून.

---

अनघा_का
शुक्रवार, सकाळी ७:०५

आणि रवा?

---

बारभाई
शुक्रवार, सकाळी ७:२०

लहान बरणी संपली. मोठ्या बरणीला हात लावायचा नाही असं ठरलंय. बाजारातून आणायचाय, यादीत लिहिलाय: "रवा, बारीक, अर्धा किलो (गॅरेज)".